मालक, आम्ही दोघं आहोत, येऊ का?

हल्ली माझ्या दुकानासमोर मोटारसायकली अशा लावलेल्या असतात, की गिऱ्हाइकाला अंग चोरून आत यावं लागतं. बोलायची सोय नाही. "काका, दोनच मिनिटं," असं म्हणून माणूस जातो तो तासाभरानं उगवतो. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही चिडू नका." मी चिडतो, खोटं कशाला बोलू? पण चिडता चिडता मला एका माणसाची आठवण येते. त्यानं माझ्या दुकानात स्कूटर आणली होती, थेट आत, तांब्याच्या हंड्यांना खेटून. आणि त्याच्याइतकं सभ्य गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

बाजारात त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. ते दापोडीला एका वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होते. उंच, खांद्यात जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. त्यांतली मधली कायम छोटी. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. पिंपरीत आमचं भांड्यांचं दुकान नवं होतं. मी नगरकडून आलेलो, लग्नाला वर्ष झालेलं, आणि आपल्याला धंद्यातलं सगळं कळतं असं वाटण्याच्या वयाचा. शेजारी सिंधमधून आलेल्या मंडळींनी पत्र्याच्या शेडांची एकेक करून दुकानं उभी केली होती. नव्या कारखान्यातल्या माणसाच्या दाराशी सायकल दिसली की त्याचं बरं चाललंय असं आम्ही समजत असू. स्कूटर म्हणजे मग बोलायलाच नको.

पहिल्या दिवशी साहेब पायरीशी उभे राहिले आणि म्हणाले, "मालक, आम्ही दोघं आहोत. येऊ का?"

मी हिशेबी नजरेनं त्यांच्या मागं पाहिलं. दुसरं कुणी दिसेना. मिसेस मागून येत असतील असं समजून म्हणालो, "या की साहेब, दोघंही या."

ते मागं गेले, आणि हँडल धरून ती करड्या रंगाची स्कूटर ढकलत घेऊन आले. पायरीपाशी थांबले. खिशातून लाल फडकं काढलं, आधी पुढचं चाक पुसलं, मग मागचं, मग स्वतःचे बूट. पुढचं चाक उचलून पायरीवर घेतलं आणि मागच्या चाकासाठी माझ्याकडे पाहिलं. मी शब्दात अडकलो होतो. उठलो आणि मागून ढकललं. स्कूटर आत आली. मग त्यांनी माझ्याकडून एक पितळी ताटली विकत घेतली. इंजिनातून तेलाचा थेंब पडला तर तुमच्या फरशीवर नको, म्हणून ती स्कूटरखाली ठेवली. ताटली निवडायला त्यांनी पाऊण तास घेतला. तोवर बाजारातलं निम्मं माणूस माझ्या दारात जमलं होतं.

चिखलीहून भाजी घेऊन येणारी एक म्हातारी डोक्यावरची पाटी न उतरवता विचारती झाली, "ही काय इकायला ठिवलीय व्हय?"

"न्हाई आजी, गिऱ्हाईक हाय," मी म्हणालो.

"मंग तिला बसाया पाट दे की!"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी म्हातारीला नमस्कार केला आणि म्हणाले, "ती उभीच बरी असते, आजी. पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं."

हे असं दर रविवारी सकाळी सुरू झालं. आज आमच्याकडे, मग किराणावाल्याकडे, मग अण्णांच्या हॉटेलात. कारण विचारलं की दर वेळी वेगळं मिळे. उन्हानं रंग जातो. पोरं हॉर्न वाजवतात. "तिला एकटीला बाहेर करमत नाही" हे सुद्धा एकदा सांगितलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. सगळा बाजार म्हणायला लागला, साहेबांचा स्क्रू ढिला आहे. मीही म्हणायचो. मीच जास्त म्हणायचो, कारण तमाशा माझ्याकडून सुरू झाला होता.

खरं कारण मला महिन्याभरानं कळलं, ते आत्ताच सांगून टाकतो. साहेबांनी एक बंब घेतला होता आणि तो स्कूटरवर मावेना, म्हणून मी टांग्यात घालून त्यांच्या घरी पोचवायला गेलो. दार उघडंच होतं. खिडकीशी एका उंच खुर्चीत काकू बसल्या होत्या. गोऱ्या, ठसठशीत कुंकू, आणि डोळे असे की आपण काय चुकलो ते त्यांना आधीच कळलंय. दोन्ही गुडघे आखडलेले. घरातल्या घरात भिंत धरून चार पावलं जायच्या, तेवढंच.

बंब बघून त्या म्हणाल्या, "हाच दिलात होय? याची तोटी डाव्या बाजूला आहे. आमची मोरी उजवीकडे."

"साहेबांनीच पसंत केला, काकू."

"करणारच. नऊ वर्षं हेच पसंत करताहेत. ती परात बघा. काठ किती बसका. कणीक मळताना निम्मी बाहेर. ह्यांना कागदावर एक सूत चुकलेलं दिसतं, पण परातीचा काठ दिसत नाही."

मी म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका. मी उद्या दहा पराती इथं घेऊन येतो. तुम्ही हवी ती ठेवा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "तुम्ही दहा आणाल, भाऊ. मला चाळिसातली एक हवी असते," म्हणाल्या. मग खुर्चीच्या हातावर टिचकी मारून, "आणि त्या चाळीस मला वाजवून बघायच्या असतात."

मी बाहेर आलो तर साहेब फाटकाशी उभे. तिथं त्यांनी सांगितलं. गुडघे आखडले त्या पहिल्या वर्षी ते काकूंना टांग्यातून बाजारात घेऊन गेले होते. दुकानाला पायऱ्या, म्हणून चार जणांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं. चांगल्या मनानंच नेलं. पण रस्त्यावरची माणसं थांबली, बायका चुकचुकल्या, कुणी देवाला नवस सुचवला. काकूंनी काही घेतलं नाही. घरी येऊन म्हणाल्या, मी आता सामान नाही व्हायची. त्यानंतर त्यांनी बाजाराचं नाव घेतलं नाही.

"तिला स्कूटरवर बसता येतं," साहेब म्हणाले. "मी मागच्या सीटला पाठ आणि हात बसवून घेतलेत, दापोडीच्या गफूरभाईंकडून. स्कूटरवर बसल्या बसल्या ती दुकानात जाऊ शकते. प्रश्न लोकांचा आहे, मालक. स्कूटर दुकानात गेली की लोक बघणारच. तर आधी त्यांना मला बघून घेऊ दे. पोटभर बघू दे. कंटाळले, की मग तिला आणीन."

महिनाभर मी ज्या माणसाची टिंगल करत होतो, तो दर रविवारी ती टिंगल जमा करत होता. मला माझीच लाज वाटली आणि तशी ती अजूनही वाटते. "दिवाळीनंतर तिच्या भाचीचं लग्न आहे," ते म्हणाले, "लहानपणी तिनंच वाढवलेली. त्या पोरीची साडी ही स्वतः निवडणार म्हणते. तोपर्यंत बाजार तयार झाला पाहिजे. आणि हे कुणाला सांगू नका. दया आली की सगळं फुकट गेलं."

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, पण बायको म्हणजे कुणी नव्हे.

त्या दिवसापासून मी साहेबांचे नियम वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. वीस पावलं आधी इंजिन बंद. पेट्रोलची चावी बंद. पुसल्याशिवाय आत नाही आणि विचारल्याशिवाय तर नाहीच. मालक नाही म्हणाला तर पुन्हा विचारायचं नाही, नमस्कार करून पुढच्या दुकानात. आत दुसरं गिऱ्हाईक असलं तर स्कूटर बाहेर थांबणार. धुराची नळी कधीही देवाच्या तसबिरीकडे नको आणि तोंड कधीही तराजूच्या आड नको. काही घेतल्याशिवाय निघायचं नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात आणि देवळात स्कूटर न्यायची नाही. "जिथं माणसं ताटकळत उभी असतात तिथं गाडीनं मिरवू नये," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दर दुकानाच्या पायऱ्यांची उंची मोजली आणि त्या मापाची फळी करून ज्याच्या त्याच्याकडे ठेवून दिली. माझी फळी चार फुटांची होती. किराणावाल्याची सहा. तो महिनाभर त्याच तोऱ्यात होता.

अण्णांच्या हॉटेलातली गंमत तर रंगवून रंगवून सांगितली जायची. अण्णांनी एकदा जोरात विचारलं, "काय साहेब, दोघं आलात, मग चहा एकच कसा?" सगळं हॉटेल कान टवकारून बसलेलं. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. दोन द्या." एक कप स्वतःसमोर ठेवला, एक स्कूटरच्या सीटवर. स्वतःचा सावकाश प्यायले. मग सीटवरचा कप उचलून म्हणाले, "हिला गरम चालत नाही," आणि तोही प्यायले. पुढं दर रविवारी अण्णा न विचारता दोन कप आणू लागले. दसरा उजाडेपर्यंत बाजार एवढा सरावला, की फळीवरून स्कूटर चढायला लागली की जवळ असेल तो उठून मागून हात लावायचा आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचा. मान वर करून कुणी बघेना. साहेब मला हळूच म्हणाले, "मालक, कंटाळले की हो!" इतका आनंद मी दुसऱ्या कुणाला लोकांच्या कंटाळ्याचा झालेला पाहिला नाही.

राहिलं एकच दुकान, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं. कापडाचं.

पिंपरीत चांगल्या साड्या एका सिंधी शेठकडे मिळायच्या. शेठ खांद्यावर गठ्ठा घेऊन दारोदार कापड विकत विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. दारापासून जाजम, त्यावर पांढरी चादर, पुढं गादी, तीही पांढरी. दर सकाळी चादर बदललेली. चादरीवर डाग दिसला की शेठला जेवण जात नसे. त्याच्यापुढं साहेबांनी लाल फडकं काढलं, चाकं पुसली, विचारलं, "शेठ, आम्ही दोघं आहोत. येऊ का?"

शेठनं हात जोडले. "साईं, तुम्ही या. बसा. सरबत घ्या. पण ही नाय. बुरा मत मानो. या चादरीवर जूती चढत नाय. कलेक्टर आला तरी जूती खाली काढतो. तुमच्या गाडीला दोन जूती आहे, काळी-काळी. ती निघते काय?"

दुकानातल्या माणसांनी हसून घेतलं. मीही तिथं होतो, बायकोसाठी पोलक्याचं कापड घ्यायला गेलेलो, पण मला हसू आलं नाही. लग्नाला वीस दिवस राहिले होते आणि साहेबांचा नियम मला पाठ होता. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही. संपलं, असं वाटलं.

साहेबांनी वाकून चाकं नीट पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे जूती काढली तर चालेल?"

"काढा ना, साईं, काढा!" शेठ हसत म्हणाला. "मग गादीवर बसवीन तिला!"

"ठीक," साहेब म्हणाले. "जूती निघायची नाही. पण पायात स्वच्छ मोजे असले तर?"

शेठला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. "मोजे चालेल. मोजे तर साफ असते."

"मग मला मांजरपाट दाखवा. पांढरा. चांगला जाड."

शेठनं स्वतःच्या हातानं कापड फाडून दिलं. कशासाठी ते साहेबांनी सांगितलं होतं, पण खरं वाटलं नाही त्याला. साहेब मात्र तिथून उठून थेट गल्लीतल्या शिंप्याकडे. सुतळीनं टायरचा घेर मोजला, ड्रॉइंग काढलं, वरून, बाजूनं आणि मधून कापून. शिंपी मला म्हणाला, "राव, मी मापं घेतो ती छातीची अन् कमरेची. ह्यांनी मला चाकाच्या पोटऱ्या दाखवल्या." चार दिवस खपून त्यानं दुहेरी मांजरपाटाचे दोन मोजे शिवले. आतल्या बाजूला नाड्या. बांधले की चाक पांढरंशुभ्र.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं, जणू मुलगी माझीच. दापोडीच्या बाजूनं स्कूटर आली. मागच्या सीटवर काकू. जांभळं लुगडं, नाकात नथ, एक हात गफूरभाईंनी बसवलेल्या दांडीवर, आणि नजर समोर, रस्त्यावर नव्हे. चेहरा दगडासारखा. त्यांना भीती वाटत होती, आणि ती कुणाला दिसू नये एवढीच त्यांची धडपड चालली होती.

वीस पावलं आधी इंजिन बंद झालं. मी, अण्णा आणि गफूरभाई ढकलायला पुढं झालो. गफूरभाई मुद्दाम दापोडीहून सायकल मारत आले होते, "मेरा काम है, टूटेगा तो मैं पकडूंगा," म्हणत. शेठच्या पायरीशी साहेब थांबले. गुडघ्यावर बसून त्यांनी पुढच्या चाकाला मोजा चढवला, नाडी बांधली. मग मागच्या. आणि बाजार थांबला. जो बाजार स्कूटर बघून कंटाळला होता तो धावत आला. सुपारी कातरणारा अडकित्ता घेऊन आला, किराणावाला तराजू सोडून आला.

"अहो, मोजे! चाकांना मोजे!"

"नाडी बघ नाडी, पायजम्यासारखी!"

"साहेब, सदरा कधी शिवताय तिला?"

सगळ्यांच्या माना खाली. काकूंकडे एकही डोळा नव्हता. काकूंनी हळूच या माणसाकडे, त्या माणसाकडे पाहिलं. कुणी चुकचुकत नव्हतं. मग त्यांनी आपल्या चाकाकडे पाहिलं आणि फस्सकन हसू फुटलं त्यांना. नऊ वर्षांनी बाजारात आलेली बाई पहिल्यांदा हसली ती आपल्या नवऱ्याला, आणि सगळ्या बाजाराबरोबर.

शेठ गादीवरून उठला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. शब्द दिलेला होता, चार माणसांसमोर. साहेबांनी हात जोडले. "शेठ, आज आम्ही तिघं आहोत. येऊ का?"

शेठ खाली उतरला. वाकला. पुढच्या चाकाच्या मोज्याखालून बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरून पाहिलं. साहेबांचे हात जोडलेलेच होते. मग शेठनं वर पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा त्याला मागच्या सीटवर बसलेल्या काकू दिसल्या, त्यांचे न वाकणारे गुडघे दिसले. तो एक शब्द त्याबद्दल बोलला नाही. देव त्याचं भलं करो.

"माझा गिऱ्हाईक एवढा साफ पायानं येत नाय," तो म्हणाला. "आओ भाभी. साईं, धक्का मारो."

आम्ही ढकललं. माझ्याकडची फळी लावली होती, ती कुरकुरली, स्कूटर वर चढली, पांढऱ्या चादरीवरून पांढरी चाकं सरकली आणि गादीला लागून उभी राहिली. साहेबांनी स्टँड लावला, मागं दोन वेळा हलवून पाहिलं. शेठनं साड्या सोडायला सुरुवात केली. सीट गादीपेक्षा उंच, त्यामुळं काकूंना सगळं वरून दिसत होतं. त्यांनी एक पदर हातात घेतला, उलटा केला, काठ अंगठ्यानं चोळून पाहिला, उजेडात धरला. "हे नको." दुसरा. "याचा रंग धुण्यात जाईल." तिसरा. शेठ घामाघूम. त्याच्याही लक्षात आलं, की समोर खरं गिऱ्हाईक आहे.

साहेब शेजारी उभे होते. त्यांना राहवेना. एका हिरव्या साडीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघ. ही छान दिसते."

काकूंनी साडीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

"आणि स्कूटर?"

"तिला राहू दे. ती मध्ये बोलत नाही."

साहेब गुपचूप बाहेर आले. पायात बूट घालताना लेस बांधायचं विसरले. मला वाटलं, मन दुखावलं असेल, म्हणून काहीतरी समजुतीचं बोलायला जवळ गेलो. तर त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि तोंड हसत होतं, दोन्ही एकदम.

"हाकललं मला," ते म्हणाले. "पाहिलंत ना मालक? लग्न झाल्यापासून प्रत्येक कापडाच्या दुकानातून हिनं मला असंच बाहेर काढलंय. नऊ वर्षं कुणी काढलं नव्हतं हो."

आतून शेठचा थकलेला आवाज आला, काहीतरी अजिजीनं बोलत होता. आणि त्यावर काकूंचा, भर बाजारात ऐकू जाईल एवढा खणखणीत:

"ते नको. त्याच्या खालचं दाखवा."